अलिबाग ते रेडी, बाईकवर एकट्याने, हायवे टाळून: काय बघू, काय सोडू?

न्यूट्रल_गिअर
मंडळी, दिवाळीनंतर आठवडाभराची रजा मंजूर झाली आहे (साहेबांचा मूड बदलायच्या आत निघायचंय). आजोळ लांज्याचं, पण कोकण म्हणजे मला हायवे, गणपती आणि मामाचं खळं, बस. यावेळी मुंबई-गोवा हायवेला होता होईल तो शिवायचं नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून अलिबाग, आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली रेडीपर्यंत. खाड्या फेरीबोटीने. गाडी ३५० सीसी, माणूस एकच.

मला इतिहासाची आवड आहे, पण पाच वाजता उठून तीन किल्ले 'करून' टाकणाऱ्यातला मी नाही. एक ठिकाण निवांत बघायला आवडतं. तेव्हा प्रश्न असे: कुठले किल्ले-देवळं-लेणी खरंच थांबण्यासारखी? कुठली नुसती नावाला मोठी? आणि फेरीबोटींचं काय गणित असतं?

मुक्कामपोस्ट
वाचतेय. फोटो टाका म्हणजे झालं.

खाडीपलीकडे
फेरीबोटींचं मी सांगतो, रोजचा धंदाच आहे माझा खाडी ओलांडायचा.

उत्तरेकडून खाली येताना चार लागतील: आगरदांडा-दिघी, मग हरिहरेश्वराजवळ बागमांडला-वेश्वी (सावित्रीची खाडी), मग दाभोळ-धोपावे (वाशिष्ठी), आणि तवसाळ-जयगड (शास्त्री). चारही बोटींत बाईक जाते. पूल झाले की हे सगळं संपणार, म्हणून आत्ताच करून घ्या. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. इथे कुणी छातीठोक सांगितल्या तरी आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. शेवटची बोट चुकली तर नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या गावाला जायला अख्ख्या खाडीला वळसा पडतो. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून पलीकडचे दिवे बघत बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आणि एक. ओहोटीला बोटीची फळी चांगली उतरती लागते, लोखंडी असते, वर शेवाळ आणि मासळीचं पाणी. गाडी चढवताना पुढचा ब्रेक अजिबात धरू नका. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा, सरळ रेषेत वर. आत गेलात की साइड स्टँड लावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवा. तुमच्या नावाप्रमाणे न्यूट्रलला ठेवलीत तर गाडी समोरच्या टेम्पोला भेटायला जाईल.

न्यूट्रल_गिअर
हा हा, नोंद घेतली.

वखारवाली
अलिबागहून निघाल्यावर लगेच ॲक्सिलरेटर पिळू नका. अक्षी गाव लागतं, तिथला शिलालेख बघा. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. शेजारून रोज हजारो गाड्या नागावच्या बीचकडे जातात आणि एकाचाही पाय थांबत नाही. वर चंद्र-सूर्य आणि दान मोडणाऱ्याला गधेगाळीची (गाढवावरून दिलेली) शिवी. हजार वर्षांपूर्वीही सरकारी आदेश लोक पाळतील याची खात्री नव्हती म्हणायची!

पुढे चौल-रेवदंडा. रेवदंड्याला पोर्तुगीज तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यातून गाडीरस्ता जातो. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली एक लांबट डोंगराची सोंड, पायथ्याला दीपगृह. कोर्लई गावातली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज मिश्रित बोली घरात बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, बोली राहिली. टपरीवर चहा घेत बसलात आणि शेजारच्या दोन बाया बोलताना शब्द ओळखीचे वाटूनही काही कळेना, तर घाबरू नका.

जंजिरा मात्र सोडा. नुसती गर्दी.

मुरुडकर_दादा
वखारवाली ताई, आदर ठेवून सांगतो, जंजिरा सोडा म्हणजे काय? कुणालाच जिंकता आला नाही असा किल्ला. संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव टाकून वाट करायला घेतली होती, तरी हाती लागला नाही. कलालबांगडी तोफेला हात लावल्याशिवाय कोकणाची सफर कसली?

वखारवाली
दादा, किल्ल्याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो राजपुरीच्या धक्क्यावरच्या रांगेशी, होडी भरेपर्यंत थांबण्याशी आणि आत उतरल्यावर "पाऊण तासात परत या" म्हणण्याशी. त्यांनी स्वतःच लिहिलंय निवांत बघायचंय म्हणून. त्यापेक्षा राजपुरीजवळ खोकरीला सिद्द्यांचे, म्हणजे जंजिऱ्याच्या राज्यकर्त्यांच्या कबरींचे, घुमट आहेत. दगडी जाळ्या, कोरीव काम, आणि बहुधा तुम्ही एकटेच. तिथून जंजिरा आठवायचा.

मुरुडकर_दादा
घुमट बघा, मी कुठे नको म्हणतोय. पण शनिवार-रविवार टाळून सकाळची पहिली होडी धरली तर जंजिराही निवांत मिळतो. शिडाची होडी तटाजवळ येईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते दिसत नाही, हे एवढ्यासाठी तरी जाच.

अण्णा_देवरुखकर
मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. एकट्याने बाईकवर आडवाटेने जाण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. आडरस्त्यांवर चिऱ्याचे ट्रक असतात, रात्री गुरं बसलेली असतात, वळणावर माती येते. पडलात तर उचलायला कोण? आणि मौज म्हणाल तर एसटीत काय कमी? वस्तीची गाडी पकडावी, शेवटच्या गावी उतरावं, कंडक्टरच सांगतो कुणाकडे जेवण मिळेल. आम्ही सगळं कोकण असंच पाहिलं.

पिस्टन
अण्णा, तुमच्या वस्तीच्या गाडीत आमचं बूड दुखतं हो. बाकी चिऱ्याच्या ट्रकबद्दल शंभर टक्के सहमत. ट्रकच्या मागे राहूच नका, लाल धुळीत समोरचं काही दिसत नाही. थांबा, चहा प्या, त्याला जाऊ द्या.

गाडीबद्दल थोडं:
आडरस्ता म्हणजे खडी उखडलेली आणि मधेच नवा गुळगुळीत डांबरी तुकडा. लोक त्या तुकड्यावर सुटतात आणि तो वळणावर संपतो. वेग चाळिसातच ठेवा. क्लच केबल आणि ॲक्सिलरेटर केबल एकेक जादा घ्या, लावायला शिकून घ्या. ट्यूबवाले टायर असतील तर ट्यूब सोबत ठेवा, कारण पंक्चरवाला मिळतो पण तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही. खाऱ्या हवेत चेनला रोज संध्याकाळी तेल. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पहिल्या पंपावर भरायचं, "पुढे भरू" हा विचार मनात आणायचा नाही.

सईची_स्कूटर
अण्णांना एक सांगू? मी एकटीच जाते, तीही ११० सीसी स्कूटरवर. केळशीच्या पुढे एका वाडीत पाणी प्यायला थांबले. ओटीवर आजी तांदूळ पाखडत होत्या. "सोबत कोण?" म्हणाल्या. कुणी नाही म्हटल्यावर सूप खाली ठेवलं, माझा फोन मागून घेतला, आईचा नंबर लावायला लावला आणि आईला दहा मिनिटं झापलं. मग मला पोहे. नंतर आईने मला झापलं. एकटीने जाण्यातला माझ्या माहितीतला सगळ्यात मोठा धोका हा आहे.

गंभीरपणे: घरच्यांशी संध्याकाळची वेळ ठरवून ठेवा. त्या वेळेला रेंज नसली तर आधीच्या गावातून मेसेज. अंधारात गाडी चालवायची नाही. एवढं पाळलं की झालं. आणि केळशीला थांबणार असाल तर महालक्ष्मीचं देऊळ आणि खाडीकाठची वाळूची टेकडी, दोन्ही बघा.

अण्णा_देवरुखकर
आजींचं बरोबर आहे.

कातळकोरा
सगळे किल्ल्यांवरच अडकलेत. न्यूट्रल भाऊ, तुम्ही आडरस्त्याने जाताय तर आडरस्त्यावरचंच बघा ना. किल्ले हायवेवरून फाटा मारूनही होतात. सडे (जांभ्या खडकाचे उघडे सपाट माळ) होत नाहीत.

रत्नागिरीपासून राजापूरपर्यंत जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, आणि सिंधुदुर्गात कुडोपी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुम्ही पावस, पूर्णगड, गावखडी असे खाली याल तेव्हा कशेळी वाटेवरच आहे. कनकादित्याचं देऊळ बघायला लोक येतात आणि परत जातात. त्याच गावच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलाय. जमिनीवर उभं राहून हत्ती कळतच नाही. आधी एक मासा दिसतो, मग एक मोर, मग कुठलासा चार पायांचा प्राणी, आणि बाहेरची रेघ धरून चालत राहिलात की शेवटी उमजतं, हे सगळे त्या हत्तीच्या पोटात आहेत. सोंडेपासून शेपटीपर्यंत पावलं मोजत जावं लागतं.

देवाचे गोठणेला एका शिल्पावर होकायंत्र ठेवलं तर दिशा चुकीची दाखवतं. मोबाइलवरचंही गडबडतं. खडकातल्या चुंबकत्वामुळे.

आता कळकळीची विनंती. गाडी सड्यावर चढवू नका. परवा एका सड्यावर टायरचे काळे पट्टे थेट शिल्पावरून गेलेले पाहिले. रील काढायचं होतं म्हणे. हजारो वर्षं ऊन-पाऊस सोसलेली रेघ आहे, पण आहे ती बोटभर खोल. गाडी रस्त्यावर लावा, गावात विचारा, गावकरी येतात दाखवायला. दुपारी बाराला जाऊ नका, सपाट उजेडात काही दिसत नाही. सकाळी किंवा साडेचारनंतर तिरपं ऊन पडलं की कडा उठतात. आणि दिवाळीनंतर लगेच गेलात तर गवत असेल, थोडं उशिरा गेलात तर बरं.

पिस्टन
टायरवाल्यांना तिथेच उभं करून वायर ब्रशने घासायला लावलं पाहिजे. पण नको, ब्रशनेही शिल्पच जाईल.

घेरियाकर
बारसूचा विषय निघालाच आहे तर रिफायनरीबद्दल

धागा_सांभाळ
नाही निघालेला. रिफायनरीचा वेगळा धागा आहे, तिथे पाचशे प्रतिसाद झालेत, तिथेच भांडा.

घेरियाकर
बरं. मग विजयदुर्गावर बोलतो. न्यूट्रल, हा अजिबात सोडू नका. हेलियमचा शोध जगात पहिल्यांदा इथे लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञ साहेबाने किल्ल्यावरून दुर्बीण लावली. साहेबाचे कट्टे अजून आहेत. दरवर्षी त्या तारखेला हेलियम दिन साजरा होतो.

वखारवाली
कट्टे आहेत, दिन साजरा होतो, हे खरं. पण १८६८ च्या ऑगस्टात लॉकियर विजयदुर्गावर नव्हता. त्या ग्रहणाला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोपर्यंत रॅमसेने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवर वेगळा काढूनही झाला होता.

घेरियाकर
आमच्या गावात लहानपणापासून हेच सांगतात. शाळेतही हेच.

वखारवाली
सांगतात, मान्य. पण मला १८९८ ची गोष्ट जास्त भारी वाटते. ब्रिटिश आरमाराची बोट येते, तिचे खलाशी दुर्बिणी आणि वर्णपटाची यंत्रं तटावर चढवतात, आणि ज्या किल्ल्याखाली १७५६ मध्ये वॉटसन-क्लाइव्हने आंग्र्यांचं आरमार जाळलं, त्याच किल्ल्यावरून सूर्य बघतात.

घेरियाकर
आणि त्या आरमार जाळण्यात पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूने होतं, तेही लिहा की मग.

वखारवाली
लिहिलं असतं, तुम्ही लिहिलंत. दुखणं तेच आहे.

घेरियाकर
बाकी हेलियमवर मी गावात विचारून येतो. तोपर्यंत कट्टे आमचेच. न्यूट्रल, किल्ला बघून झाल्यावर खाडीच्या बाजूला आरमाराची गोदी बघा, खडक फोडून केलेली आहे. गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ आहे, त्याच्याकडे उतरणारी वाट जांभा कापून केलीय, दोन्ही अंगाला भिंतीसारखा लाल खडक. जैतापूरकडून येताना विजयदुर्ग समोर दिसतो पण वाघोटणच्या पुलावरून फिरून यावं लागतं, तेवढा वेळ धरा.

पोटोबा
एक महत्त्वाचा प्रश्न कुणीच विचारला नाही. भाऊ शाकाहारी की आपल्यातले?

न्यूट्रल_गिअर
आपल्यातला. पूर्ण.

पोटोबा
मग हर्णैला संध्याकाळी पोचा. बंदरावर मासळीचा लिलाव असतो, होड्यांतून टोपल्या उतरतात तिथेच भाव फुटतो. पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, म्हणजे वखारवाली ताईही खूश. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत, तेव्हा गर्दी वाढायच्या आत. घेतलेली मासळी घरगुती खानावळीत दिली तर करून देतात, पण दुपारीच सांगून ठेवा. आयत्या वेळी "काकू, सुरमई आहे का?" म्हटलं तर डाळ-भात मिळतो आणि वर "आधी सांगायचं नाय?" हे फुकट.

दाभोळला उतरलात तर बोटीची वाट बघता बघता अंडा मशीद बघून होते. आदिलशाही काळातली, घुमट देखणा, धक्क्याच्या अगदी जवळ.

मालवणी_भूत
अरे खाली सिंधुदुर्गात येतास का नाय? सगळे रत्नागिरीतच अडकले.

न्यूट्रल_गिअर
तोच प्रश्न पडलाय मला. एवढं सगळं वाचून रेडी आठवडाभरात होत नाही असं दिसतंय.

सईची_स्कूटर
होत नाहीच. झालं तर बघणं होत नाही. मी सांगू का, उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करा.

कातळकोरा
किंवा उत्तर सरळ सोडा. रत्नागिरीपासून सुरू करा. थिबाचा राजवाडा बघा, १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला तो ब्रह्मदेशाचा राजा. मग सडे, विजयदुर्ग, कुणकेश्वर, आचरा, मालवण.

खाडीपलीकडे
उत्तर सोडलं तर फेरीबोटी गेल्या. मग धाग्यात काय उरलं?

अण्णा_देवरुखकर
दापोलीकडे जाणार असलात तर पन्हाळेकाजीची लेणी. कोटजाई नदीच्या काठाला एकूण २९. आधी बौद्ध, मग शैव, मग नाथपंथी, एकाच कातळात एकामागून एक. म. ना. देशपांडे यांनी उजेडात आणली. रस्ता उताराचा आणि अरुंद आहे. बाईक बरी तिथे, एवढं मी मान्य करतो.

पिस्टन
अण्णांनी मान्य केलं!! स्क्रीनशॉट काढला.

न्यूट्रल_गिअर
सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतोय:

अलिबाग, अक्षी, रेवदंडा, कोर्लई, मुक्काम मुरुड. सकाळी पहिल्या होडीने जंजिरा (दादा, तुमच्या शब्दावर), खोकरी, आगरदांड्याहून दिघी, हरिहरेश्वर. मग वेश्वी, वेळास, केळशी, हर्णै. वेळासला नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून थांबणार, कासवं तेव्हा नसणार हे माहीत आहे. दापोलीत मुक्काम वाढवून पन्हाळेकाजी. दाभोळ-धोपावे, गोपाळगड, हेदवी, तवसाळ-जयगड, मालगुंडला केशवसुतांचं घर, रत्नागिरी. शेवटचा दिवस फक्त कशेळीला, दुपारनंतर. तिथून परत फिरणार. विजयदुर्ग आणि खालचं सगळं फेब्रुवारीत, तेव्हा सड्यावर गवतही नसेल. देवाचे गोठणे तेव्हाच.

परतीला मात्र हायवेच. आंबा घाटाने कोल्हापूर, तिथून पुणे, मुंबई. मित्राकडे काम आहे.

मालवणी_भूत
म्हणजे आम्ही फेब्रुवारीत. बरा. वेंगुर्ल्याची डच वखार पडायच्या आत ये म्हणजे मिळवली.

वखारवाली
त्यावर मी वेगळा धागा काढणार आहे. सतराव्या शतकातली इमारत, भिंतींतून वडाची मुळं बाहेर आलीत. इथे सुरुवात केली तर आवरणार नाही.

घेरियाकर
गावात विचारलं. मास्तर म्हणाले, "१८९८ चं पण ऐकलंय." पुढे काही बोलले नाहीत.

नवा_सभासद_कणकवली
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे १०० सीसी स्प्लेंडर आहे. असाच प्लॅन करतोय. गाडी आंबा घाट चढेल का?

पिस्टन
भावा, त्याच गाडीवर नवरा, बायको, दोन पोरं आणि पुढे टाकीवर तांदळाची गोण घेऊन माणसं तो घाट रोज चढतात. तू एकटा आहेस. गाडीला सुट्टी दिल्यासारखं वाटेल.